रोमचं पँथिऑन: कपाळावर नाव अग्रिप्पाचं, मग बांधलं कुणी?

शिळाप्रेमी

रोमला जाऊन आलेले लोक कलोसियमबद्दल भरभरून बोलतात. पँथिऑनचा विषय निघाला की मात्र 'हो, तो वर भोक असलेला घुमट' एवढ्यावर आटोपतं. मला पँथिऑन, हे मूळचं रोमन देऊळ, फार जवळचं वाटतं. त्या काळातल्या बाकी इमारतींचे आपण अवशेष बघतो, ही एक इमारत मात्र छतासकट उभी आहे आणि आजही वापरात आहे. ती कशी टिकली यावर बरंच वाचलंय, ते इथे मांडते. जाणकारांनी भर घालावी.

सुरुवात दर्शनी पट्टीवरच्या अक्षरांपासून करू. तिथे लॅटिनमध्ये लिहिलंय, 'लुसियसचा मुलगा मार्कस अग्रिप्पा याने तिसऱ्यांदा कॉन्सल असताना हे बांधलं.' अग्रिप्पा म्हणजे पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याचा बालमित्र, सेनापती आणि पुढे जावई. ॲक्टियमची लढाई जिंकून दिली ती त्यानेच. कॉन्सल म्हणजे रोममधलं एका वर्षासाठीचं सर्वोच्च पद. त्याचं तिसरं कॉन्सलपद इसवी सनपूर्व २७ मधलं. तेव्हा शहराबाहेरच्या मार्सच्या मैदानावर त्याने बांधकामांचा धडाका लावला होता आणि त्यातलंच एक पँथिऑन. हे सगळं खरं आहे. फक्त आपण बघतो ती इमारत ती नव्हे!

अग्रिप्पाचं पँथिऑन इ.स. ८० च्या मोठ्या आगीत गेलं. सम्राट डोमिशियनने ते पुन्हा उभं केलं, तर इ.स. ११० मध्ये वीज पडून तेही जळालं. आजची इमारत त्यानंतरची, म्हणजे तिसरी. मग दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं नाव दारावर का? दुसऱ्या शतकातला सम्राट हेड्रियन याच्या जुन्या चरित्रात म्हटलंय की त्याने अनेक वास्तूंचा जीर्णोद्धार केला, पण त्यांवर मूळ बांधणाऱ्यांचीच नावं राहू दिली. त्यामुळे शतकानुशतकं लोक ही इमारत अग्रिप्पाचीच समजत होते.

हा गैरसमज दूर केला विटांनी. रोमन वीटभट्ट्यांवर कच्च्या विटेवर शिक्का मारायची पद्धत होती. त्यात भट्टीचं किंवा मालकाचं नाव असे, काही शिक्क्यांत त्या वर्षीच्या कॉन्सलांचीही नावं असत. १८९२ च्या सुमारास जॉर्ज शेदान या फ्रेंच वास्तुविशारदाने भिंतीतल्या आणि घुमटातल्या विटांचे शिक्के तपासले आणि ते इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले निघाले. तेव्हापासून पुस्तकांतून 'हेड्रियनने बांधलं, साधारण ११८ ते १२५' असं छापून येऊ लागलं. पण गोष्ट तिथेही संपली नाही. १९३० च्या दशकात हर्बर्ट ब्लॉख यांनी दाखवलं की बऱ्याच विटा त्याच्याही आधीच्या, हेड्रियनच्या आधीचा सम्राट ट्राजन याच्या काळातल्या आहेत. २००७ मध्ये लीसे हेटलांड यांनी हे शिक्के नव्याने तपासून मांडलं की काम ट्राजन हयात असतानाच, ११४ च्या आसपास सुरू झालं असणार. मला हे पटतं. ११० ला जळालेली एवढी महत्त्वाची जागा ट्राजनसारखा बांधकामाचा सोस असलेला सम्राट सात वर्षं तशीच पडू देईल हे संभवत नाही. सुरुवात ट्राजनची, शेवट हेड्रियनच्या हातून आणि नाव अग्रिप्पाचं.

आतला घुमट ४३.३ मीटर व्यासाचा आहे आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच. म्हणजे पूर्ण गोल आत नेमका बसेल. माथ्यावर जवळजवळ नऊ मीटरचं उघडं वर्तुळ. खिडकी एकही नाही, उजेड येतो तो वरून आणि दारातून. लोखंडी सळई न घातलेला एवढा मोठा काँक्रीटचा घुमट जगात दुसरा नाही. इ.स. ३५७ मध्ये सम्राट दुसरा कॉन्स्टँटियस प्रथमच रोमला आला तेव्हा ज्या गोष्टी बघून थक्क झाला त्यांत पँथिऑन होतं. इतिहासकार अम्मियानुस लिहितो की ती वास्तू म्हणजे वर सुंदर उंच घुमट घातलेली शहरातली एक गोल पेठच.

पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जुने देव गेले, देवळं ओस पडली, रोमची लोकसंख्या रोडावली. संगमरवर भट्टीत जाळून चुना करण्याचा धंदा शेकडो वर्षं चालला. अशा काळात, इ.स. ६०८ च्या सुमारास पोप चौथ्या बोनिफेसने कॉन्स्टँटिनोपलच्या फोकास सम्राटाकडे ही इमारत मागितली आणि त्याने ती दिली. १३ मे ६०९ ला तिथे 'सांता मारिया अद मार्तिरेस' हे चर्च झालं. रोममध्ये जुन्या देवळाचं चर्च झाल्याचं हे पहिलं उदाहरण. इमारत वाचली ती याच एका कारणाने असं माझं ठाम मत आहे. तिला कायम कुणीतरी वाली राहिला.

पाऊलवाट

रुमाल टाकून ठेवतो. रात्री निवांत वाचणार.

वाचनवेडी

सुरेख लिहिलंय. विटांच्या शिक्क्यांचा भाग माहीत नव्हता. एक शंका: दर्शनी पट्टीवर आणखी बारीक अक्षरांतही काहीतरी आहे असं फोटोत दिसतं. ते काय?

शिळाप्रेमी

@वाचनवेडी, नजर चांगली आहे तुमची. मोठ्या ओळीखाली बारीक अक्षरांत आणखी एक लेख आहे. इ.स. २०२ मध्ये सेप्टिमियस सेव्हरस आणि त्याचा मुलगा काराकाला यांनी 'जुनं होऊन खराब झालेलं पँथिऑन' दुरुस्त केल्याची ती नोंद. हेड्रियनने नाव घातलं नाही, या बापलेकांनी मात्र दुरुस्तीवरही घातलं. वरच्या मोठ्या ओळीतली आजची धातूची अक्षरं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बसवलेली आहेत. मूळ अक्षरं कधीच गेली होती, दगडातल्या खोबणी तेवढ्या उरल्या होत्या.

कऱ्हाकाठ

लेख आवडला, पण 'चर्च झालं म्हणून वाचलं' हे इतकं सरळ नाही. चर्च झाल्यावर काय काय गेलं ते बघा.

६६३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट दुसरा कॉन्स्टान्स रोमला आला. बारा दिवस राहिला आणि शहरातला पितळ-काशाचा ऐवज उपटून घेऊन गेला. पँथिऑनच्या छपरावरचे सोन्याचा मुलामा दिलेले पत्रेही त्यात गेले. तेव्हा हे चर्च होऊन पन्नास वर्षं उलटली होती आणि सम्राट स्वतः ख्रिस्ती होता. तो माल त्याच्या राजधानीलाही पोचला नाही. सिसिलीत सिराक्यूजला राहिला, सम्राटाचा तिथेच न्हाणीघरात खून झाला आणि लॉम्बार्ड इतिहासकार पॉल द डीकनच्या म्हणण्याप्रमाणे ती लूट अरबांनी अलेक्झांड्रियाला नेली. त्यानंतर पुढच्या शतकात पोप तिसऱ्या ग्रेगरीने शिशाचे पत्रे घालेपर्यंत छपराचे हालच होते.

आणि १६२५? बार्बेरिनी घराण्यातला पोप आठवा अर्बन. दर्शनी मंडपाच्या छताला काशाच्या तुळया होत्या, रोमन काळापासून जागेवर. जवळजवळ २०० टन धातू. त्याने तो काढून वितळवला. त्याच्या तोफा केल्या आणि कास्तेल सांत आंजेलोच्या किल्ल्यावर चढवल्या. सेंट पीटरमधल्या बेर्निनीच्या भव्य छत्रीसाठी तो धातू वापरला असं गाइड सांगतात, पण बहुतेक सगळा तोफांकडेच गेला. रोमच्या लोकांनी तेव्हा जे वाक्य फिरवलं ते आजही प्रसिद्ध आहे: 'रानटी टोळ्यांनी जे केलं नाही ते बार्बेरिनींनी केलं.'

तेव्हा वाली होता हे मान्य. पण वालीच हात मारत होता, हेही लिहायला हवं.

तिबेरकाठी

रोममध्ये राहते, त्यामुळे थोडं डोळ्यांनी पाहिलेलं लिहिते.

कऱ्हाकाठ, तुमच्या मुद्द्याला पूरक: मंडपाच्या पूर्वेच्या अंगाचे तीन खांब मूळचे नाहीत, सतराव्या शतकात बदललेले आहेत. कोपऱ्यातला खांब याच अर्बनने नवा बसवला. त्याच्या माथ्याकडे मान वर करून नीट पाहिलं तर कोरीव पानांमध्ये एक मधमाशी दिसते. मधमाशी हे बार्बेरिनींचं कुलचिन्ह. काशाच्या तुळया काढणारा आणि खांब दुरुस्त करणारा पोप एकच! शेजारचे दोन नंतर पोप सातव्या अलेक्झांडरने बसवले. ते जवळच्या नीरोच्या स्नानगृहाच्या जागेतून मिळालेले आहेत. त्यांच्यावर त्याच्या किजी घराण्याची खूण आहे.

पावसाबद्दलही लिहिते, कारण 'त्या भोकातून पाऊस आत येत नाही, गरम हवा तो वरच अडवते' ही थाप सर्रास सांगितली जाते. पाऊस येतो, चांगला येतो. मधला भाग दोरी लावून बंद करतात आणि लोक कडेने उभे राहून बघतात. जमीन मध्यभागी किंचित फुगीर आहे, ते सहज लक्षात येत नाही. फरशीला बारीक छिद्रं आहेत, एकूण २२. त्यांतून पाणी खालच्या गटारात जातं. ही व्यवस्था रोमन काळापासूनची आहे आणि अजून चालू आहे.

उन्हाचा झोत दिवसभर आतून फिरतो. २१ एप्रिल हा रोमचा स्थापनादिन. त्या सुमारास भर दुपारी तो झोत बरोबर दारावर पडतो आणि मंडपात उभ्या माणसावर प्रकाश येतो. सम्राट त्या क्षणी दारातून आत येत असावा अशी संशोधकांची मांडणी आहे. लेखी पुरावा नाही, पण दारात उभं राहिल्यावर ती मांडणी पटते.

माजघर

मस्त चाललाय धागा. वाचतेय.

चुनाविटा

स्थापत्य अभियंता आहे, त्यामुळे घुमटावर थोडं सविस्तर.

आपण काँक्रीट म्हटलं की ओतायचं, असं धरून चालतो. रोमन काँक्रीट ओतत नसत. चुना आणि ज्वालामुखीची राख यांचा घट्ट मसाला एक थर, त्यावर हाताने रचलेले दगड-विटांचे तुकडे, मग पुन्हा मसाला. ही राख म्हणजे पोझोलाना. नेपल्सजवळच्या पोझुओलीवरून हे नाव पडलं, पण रोमच्या आसपासही ती मुबलक मिळते. चुन्याशी तिची रासायनिक क्रिया होऊन मसाला कडक होतो, पाण्याखालीही.

खरी करामत पुढे आहे. तुकडे कुठले घालायचे ते उंचीप्रमाणे बदललंय. पायात जड ट्रॅव्हर्टाइन, म्हणजे चुनखडीचा दगड. भिंतीत ट्रॅव्हर्टाइन आणि टफ, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला हलका दगड, मग टफ आणि विटा. घुमटाच्या खालच्या भागात विटा आणि अगदी माथ्याकडे टफ आणि प्यूमिस, म्हणजे पाण्यावर तरंगणारा सच्छिद्र दगड. घनतेचे अंदाज बघा: पायात साधारण २२०० किलो प्रतिघनमीटर, माथ्याजवळ १३५०. शिवाय जाडीही कमी होत जाते, बुडाशी सहा मीटरहून जास्त, भोकाच्या कडेला जेमतेम सव्वा मीटर. आतून जे चौकोनी कप्पे दिसतात त्यांच्या पाच ओळी, प्रत्येकीत २८, म्हणजे १४०. त्यांनी वजन थोडं कमी होतं, पण सगळं श्रेय त्यांना देऊ नये. घुमटावर बाहेरून पायऱ्यांसारखी कडी आहेत, त्यांचं काम जास्त महत्त्वाचं. कमान जिथे बाहेर फाकायला बघते नेमकं तिथे ती वजन टाकतात.

आता कुणी सहसा सांगत नाही ते. घुमटाला भेगा आहेत. १९३० च्या दशकात आल्बेर्तो तेरेन्झियो यांनी दुरुस्तीच्या वेळी त्या नोंदवल्या. बुडापासून वर अर्ध्याहून अधिक उंचीपर्यंत उभ्या भेगा गेलेल्या आहेत. काँक्रीटला ताण सोसत नाही आणि घुमटाच्या खालच्या भागात आडवा ताण येतोच. त्यामुळे खालचा भाग प्रत्यक्षात शेजारी शेजारी उभ्या केलेल्या कमानींसारखं काम करतो आणि वरचं कडं त्या सगळ्यांना दाबून धरतं. ते गोल भोक म्हणजे घुमटातला कच्चा दुवा नाही. त्याची कडा पूर्ण दाबाखाली आहे आणि दाब हेच काँक्रीटचं बलस्थान. सळई नाही म्हणून गंजही नाही. आपल्याकडे साठ वर्षांच्या इमारतींचे स्लॅब फुगून पडतात ते बहुतांशी सळई गंजल्याने.

व्हॉट्सॲपवर 'रोमन काँक्रीट स्वतःच्या भेगा भरतं, पँथिऑनचं रहस्य उलगडलं' असा मजकूर फिरतो त्याबद्दलही. २०२३ मधलं ते संशोधन चांगलंच आहे. पण त्यातले नमुने प्रिव्हर्नम या दुसऱ्या गावातल्या भिंतीचे होते. पँथिऑनच्या घुमटाचे ते नव्हते.

पाऊलवाट

रात्री सगळं वाचलं. चुनाविटा, जबरदस्त प्रतिसाद. विजापूरचा गोल घुमट यापुढे कुठे बसतो?

चुनाविटा

@पाऊलवाट, विजापूरचा घुमट बाहेरून साधारण ४४ मीटर, आतून ३८ च्या आसपास. म्हणजे आतल्या व्यासात पँथिऑन मोठं. पण तुलना आकड्यांवर सोडू नका. पँथिऑनचा घुमट गोल भिंतीवर बसलाय, भिंत सहा मीटर जाड. विजापूरला खाली चौकोनी दालन आहे आणि वर गोल घुमट. चौकोनावर गोल बसवायला एकमेकींना छेदणाऱ्या कमानी घातल्यात, ती अक्कल वेगळीच आहे. शिवाय काँक्रीट नाही, वीट आणि चुना. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण दोन्ही पाहायला हवेत.

रानमेवा

खांबांबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. मंडपाला १६ खांब, प्रत्येक अखंड ग्रॅनाइटचा, जवळजवळ १२ मीटर उंच आणि ६० टनांच्या घरात. हे सगळं इजिप्तहून आलंय. पुढच्या रांगेतला करडा दगड मॉन्स क्लॉडियानस या खाणीतला, नाईल आणि तांबड्या समुद्राच्या मधल्या वाळवंटातला. आतल्या रांगांतला गुलाबी दगड आस्वानचा. खाणीतून नाईलपर्यंत शंभराहून जास्त किलोमीटर वाळवंटातून ओढत, मग नदीतून, मग समुद्रातून, मग रोमच्या तिबेर नदीतून पडावावर.

त्या खाणीची वस्ती उत्खननात सापडली आहे आणि खापरांवर शाईने लिहिलेल्या हजारो चिठ्ठ्या मिळाल्या आहेत. पाण्याच्या वाटपाच्या याद्या, कामकऱ्यांची नावं, मजुरीचा हिशेब. तिथे गुलामच राबत होते असा पूर्वी समज होता, या चिठ्ठ्यांवरून बरेचसे पगारी कारागीर होते असं दिसतं. एक सुमारे १८ मीटर लांबीचा तडकलेला खांब अजून तिथेच पडून आहे.

एक खरा धागा आपल्याकडेही जातो. याच वाळवंटातल्या वाटांनी बेरेनिके आणि मायोस होर्मोस या बंदरांतून भारताचा माल नाईलकडे जायचा. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या सागरी व्यापाराच्या माहितीपुस्तकात पैठण, तेर, कल्याण, सोपारा यांची नावं आहेत. खांब निघायचे त्या प्रदेशात आपल्या मालाचे तांडेही जात होते.

आणखी एक. मंडपाच्या मागे, घुमटाला जोडणाऱ्या चौकोनी भागावर दुसऱ्या त्रिकोणी शिखराच्या रेषा दिसतात, पुढच्या शिखरापेक्षा वर. मार्क विल्सन जोन्स आणि सहकाऱ्यांची मांडणी अशी की मूळ आराखड्यात ५० रोमन फुटी खांब होते, ते मिळाले नाहीत किंवा वेळेत पोचले नाहीत आणि ४० फुटींवर भागवावं लागलं. मंडप बुटका पडला. इमारतीचा पुढचा आणि मागचा भाग नीट जुळत का नाही, याचं मला पटलेलं हेच एक उत्तर.

तिबेरकाठी

रानमेवा, अनुमोदन. चौकातल्या कारंज्याजवळ उभं राहिलं की त्या दोन शिखरांमधला फरक स्पष्ट दिसतो. मात्र पूर्वी दृश्य वेगळं होतं. समोरच्या चौकाची पातळी शतकांच्या भरावाने चढली आहे. रोमन काळात पायऱ्या चढून मंडपात जावं लागे, आज उतारावरून खाली यावं लागतं. तेव्हा समोर स्तंभांनी वेढलेलं लांब आवार होतं आणि मागचा गोल भाग बहुधा दिसतच नसे. माणूस साध्या देवळाच्या दारातून आत शिरे आणि अचानक त्या घुमटाखाली येई.

वाचनवेडी

राफाएलची समाधीही इथेच ना?

शिळाप्रेमी

@वाचनवेडी, हो. ६ एप्रिल १५२० ला गेला, वय अवघं ३७. इथे पुरावं ही त्याचीच इच्छा होती. नुसता चित्रकार म्हणून नव्हे, या जागेशी त्याचं नातं होतं. शेवटच्या वर्षांत पोप दहाव्या लिओला लिहिलेल्या पत्रात त्याने जुन्या रोमचा संगमरवर भट्टीत जाळून चुना करण्याबद्दल जिवाच्या आकांताने तक्रार केली आहे. पुढे एका अकादमीकडे त्याची म्हणून एक कवटी जपलेली होती. १८३३ मध्ये समाधी उघडली तेव्हा सांगाडा डोक्यासकट पूर्ण निघाला. इटली एक झाल्यावर राजा दुसरा व्हिक्टर इमॅन्युएल आणि पहिला उम्बेर्तो यांनाही इथेच ठेवलं.

@कऱ्हाकाठ, तुमचा आक्षेप रास्त आहे आणि त्याने माझा मुद्दा पक्काच होतो असं मला वाटतं. ज्याच्या ताब्यात इमारत असते तो त्यातलं नेतोही आणि दुरुस्तही करतो. रिकाम्या, बेवारस इमारतीतून फक्त जात राहतं. कलोसियमचा दक्षिणेकडचा बाहेरचा कडा भूकंपात पडला तेव्हा तो दगड परत रचायला कुणी उभं राहिलं नाही, शहरभर बांधकामांना वाहून नेला. पँथिऑनचं छप्पर उघडं पडलं तेव्हा उशिरा का होईना शिसं आलं, कारण खाली प्रार्थना चालू होती.

कऱ्हाकाठ

कलोसियमशी केलेली तुलना मान्य. पण बांधकामाचा वाटा विसरू नका. चर्च झालेल्या कितीतरी रोमन इमारती पडल्याच. वाली आणि सहा मीटर जाड भिंत, दोन्ही हवं होतं.

शिळाप्रेमी

हो, दोन्ही. यावर वाद नाही.

माजघर

पुढच्या वर्षी मुलीकडे जर्मनीला जाणार आहोत, तेव्हा रोमही करायचं म्हणतोय. तिकीट लागतं का? आणि हा धागा वाचल्यावर आत नेमकं काय शोधायचं?

तिबेरकाठी

माजघरताई, जुलै २०२३ पासून पर्यटकांना पाच युरो तिकीट सुरू झालं, जाण्याआधी ताजा दर बघून घ्या. प्रार्थनेला येणाऱ्यांना तिकीट नाही. पेंटेकॉस्टच्या (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या ख्रिस्ती सणाच्या) रविवारी तिथे असाल तर लवकर रांग लावा. प्रार्थना संपताना अग्निशमन दलाचे जवान घुमटावर चढून भोकातून गुलाबाच्या पाकळ्या टाकतात.

आत गेल्यावर मधल्या मजल्याची पट्टी नक्की बघा, खालचे खांब आणि घुमट यांच्या मधली. १७४७ च्या सुमारास पाओलो पोझीने जुना संगमरवरी साज काढून तिथे मोठ्या चौकटी बसवल्या. तेरेन्झियो यांनी १९३० च्या दशकात एक छोटा भाग मूळ रोमन पद्धतीने परत करून ठेवला. दारातून आत आल्यावर समोरच्या वेदीच्या उजव्या हाताला वर बघा. बारीक उभ्या पट्ट्या आणि लहान खिडक्यांसारख्या जाळ्या दिसतील, बाकी सगळीकडे पोझीच्या चौकटी. फोटो काढून इथे टाकाल तर बरं होईल, माझ्याकडचे सगळे अंधारात आलेत.